सात नंबरचे बूट

तीस वर्षं मी एका मिलच्या टाइम ऑफिसात काढली. मिल गेली, भोंगा गेला, बरोबरचे निम्मे गेले, आणि मागं राहिलं काय म्हणाल तर गोष्टी. त्या कुणी मुद्दाम साठवत नाही हो. मिलमध्ये कापसाचे तंतू हवेत असायचे. घरी येऊन कपडे कितीही झटका, कॉलरच्या आत थोडे राहायचेच. तशाच या. दुसऱ्या कुणाकडे संपाच्या असतील, कुणाकडे साहेबांच्या भानगडींच्या. माझ्याकडच्या बहुतेक बुटांच्या आहेत.

टाइम ऑफिसच्या कारकुनाचा आणि बुटांचा संबंध काय, असं माझा जावईसुद्धा विचारतो. परवा तो नातवासाठी पळायचे बूट घेऊन आला, माप न घेता, अंदाजानं. मी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, चहा होईपर्यंत ऐक. चहा गार झाला तरी तो उठला नाही. तेच तुम्हाला सांगतो.

*

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. सोलापुरातल्या मिलांची मिळून माळावरून सहा मैल पळायची एक शर्यत ठरली. आमचे वेल्फेअर साहेब पुण्याला शिकलेले, कपड्यांची इस्त्री कधी न मोडणारे, पण मनानं वाईट नव्हते. त्यांनी मला बोलावलं.

"तुम्ही टाइम ऑफिसला ना?"

"हो साहेब."

"म्हणजे वेळ मोजणं हे तुमचंच काम."

"साहेब, मी कामगार किती वाजता आत आले ते लिहितो."

"तेच ते. आजपासून तुम्ही टीमचे मॅनेजर."

मी जन्मात कधी बस पकडायलासुद्धा पळालो नव्हतो. पण साहेबांपुढं नाही म्हणायची आमची रीत नव्हती. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुम्ही पळणार नाही ना? मग ठीक आहे."

त्याच दिवशी गेटवर नोटीस लागली. जो बदली कामगार शर्यतीत पहिल्या दहांत येईल, त्याला मिल पर्मनंट करील. नोटीस वाचायला ही गर्दी. बदली म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. बदली कामगार रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर येऊन उभा राहायचा. आतला कुणी गैरहजर असला तर याला आत घ्यायचं, नसला तर घरी पाठवायचं. कुणाकुणाची अशी आठ-आठ वर्षं गेटवर गेली. हजेरीचा कागद माझ्या हातात, त्यामुळं त्यांना "आज नाही" हे सांगायचं कामही माझंच. ते काम मला कधी आवडलं नाही.

पहिल्या दिवशी चाळीस बदली पळायला आले. महिनाभरात गळत गळत एकटा जोतिराम उरला.

जोतिराम नातेपुत्याकडचा. दोन वर्षं पाऊस नाही म्हणून आईला घेऊन सोलापूरला आलेला. आई शहराबाहेर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडीच्या पाट्या वाहायची आणि हा आमच्या गेटवर उभा राहायचा. बोलायला कमी. पळायला लागला की मात्र बघत राहावं, पायाचा आवाजसुद्धा यायचा नाही. मी एकदा त्याला विचारलं, नाव लागलं तर काय करशील?

"म्हातारीला घरी बसवतो, भाऊसाब. लई झालं तिचं खडीवर."

एवढंच त्याचं मागणं. टीममधल्या बाकीच्या सात जणांच्या नोकऱ्या पक्क्या होत्या. ते हौसेनं पळत होते, जोतिराम एकटाच पोटासाठी पळत होता. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

*

तोवर सगळे अनवाणीच पळायचे. एके दिवशी वेल्फेअर साहेब माळावर बघायला आले, त्यांनी सगळ्यांच्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाले, "असं चालणार नाही. फोटो निघणार आहे." मग फर्मान निघालं, शर्यतीत बूट घातल्याशिवाय कुणाला पळू द्यायचं नाही. दुसऱ्या मिलांनीही तोच नियम उचलला. बूट आपापली मिल देणार.

आमच्या स्टोअरकीपरनं आयुष्यभर सूत गुंडाळायच्या बॉबिनी मागवलेल्या. बॉबिन म्हटली की सगळ्या एका मापाच्या. त्यानं त्याच सवयीनं लिहिलं, कॅनव्हासचे बूट, तपकिरी, नग आठ, नंबर नऊ. मी विचारलं, सगळे नऊच का? तर म्हणाला, "मोठा असला की सगळ्यांना होतो. लहान असला की कुणालाच होत नाही. जरा डोकं वापरा."

आमचा कॅप्टन होता रशीद, लूम खात्यातला जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम. पाय सात नंबरचा, बूट नऊचे. पायात घालून त्यानं खाली बघितलं.

"भाऊसाब, ये बूटाँ हैं की नावाँ?"

पण मिलमध्ये एका वस्तूला तोटा नव्हता, ती म्हणजे कापूस. सगळ्यांनी टाकाऊ कापूस बुटात कोंबला आणि पळायला गेले. सपाटीवर झकास चाललं. माळाच्या पलीकडं ओढ्यात उतरायची वाट आहे, सगळी मुरमाची आणि सुट्या खडीची. तिथं घामानं भिजलेला कापूस सगळा पुढं बोटांशी गोळा झाला, टाच उचलली गेली आणि रशीदचा पाय घोट्यातून जो वळला, तो आवाज मी वर उभा राहून ऐकला.

जोतिरामनं बूट काढून हातात घेतले, रशीदला पाठीवर घेतलं आणि ओढ्यापासून नाक्यापर्यंत आणलं. रशीद त्याच्या पाठीवरून मला म्हणाला, "गादी में पाँव डाल को कौन भागता, भाऊसाब?"

तो पुढं पाच आठवडे पळाला नाही. आठही जोड स्टोअरला परत गेले. स्टोअरकीपर मला आजतागायत दोष देत असेल, असला तर.

*

मग आम्ही अण्णांकडं गेलो. सिद्रामप्पा त्यांचं नाव, मूळचे मैंदर्गीचे, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि रागावले की पुन्हा कानडी. बाजारात त्यांचं बुटांचं दुकान होतं. मी सकाळी अकराला सात जणांना घेऊन गेलो. अण्णांनी आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "संध्याकाळी या."

"का हो?"

"पाय सकाळी बारीक असतो, भाऊसाब. दिवसभर राबला की पसरतो. हे पळणार म्हंजे पाय गरम होणार. मग गार पायाचं माप घेऊन काय करू?"

संध्याकाळी पहिली पाळी सुटल्यावर गेलो. अण्णांनी जमिनीवर कागद अंथरला. एकेकाला त्यावर उभं केलं, बसून नाही, दोन्ही पायांवर भार देऊन उभं, आणि पेन्सिलीनं पायाभोवती रेघ ओढली. दोन्ही पायांची वेगळी. कुणाचेच दोन पाय सारखे निघाले नाहीत. मोठा पाय असेल त्याचा नंबर धरायचा, असा त्यांचा नियम.

मागच्या खोलीत त्यांनी एक रुंद फळी तिरकी लावलेली होती आणि तिच्यावर खडी पसरलेली. पळायचे बूट घेणाऱ्यानं बूट घालून तिच्यावरून खाली उतरून दाखवायचं. खाली पोचला की अण्णा वाकून बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून बघायचे. बोट टोकाला लागलं की बूट नापास.

"बुटानं टाच धरली पायजे आणि बोटं सोडली पायजेत," ते म्हणायचे. "टाच सुटली की माणूस पडतो. बोटं अडकली की माणूस थांबतो."

सगळ्यांचं झाल्यावर अण्णा मला म्हणाले, "आता तुमी कुंद्री." म्हणजे बसा.

मी म्हटलं, मला कशाला, मी मॅनेजर. मी मॅट्रिकपासून सात नंबरच घालतो.

त्यांनी माझा पाय कागदावर धरला, रेघ ओढली आणि कागद माझ्याकडं फिरवला. "भाऊसाब, तुमचा नंबर आठ हाय. मॅट्रिकनंतर पाय वाढला, तुमी दुकानदाराला सांगितलं न्हाय."

अठरा वर्षं मी एक नंबर लहान बूट घालत होतो. नखं काळी पडायची, त्याला मी आमच्या घराण्याचा दोष समजत होतो, कारण वडिलांचीही पडायची. आठ नंबर घालून घरी गेलो. पहिल्या दिवशी रस्त्यात कुणाशी भांडलो नाही. बायकोनं चार दिवस पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं बुटाचा राग माझ्यावर निघत होता."

खरं होतं ते.

*

नरसय्या विणकर. तेलुगू घरातला, घरी हातमाग, दिवसा मिलमध्ये लूमवर. सुताशिवाय त्याला दुसरं जग नव्हतं. अण्णांनी दिलेले बूट त्यानं घरी नेले आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी एका सकाळी माळावर आला, तर लांबूनच टाक टाक आवाज.

मी म्हटलं, "नरसय्या, बुटाला काय नाल ठोकलेत काय?"

तो खूश होता. "नाही सार. खळ दिली."

विणायच्या आधी सुताला खळ देतात, म्हणजे पिठाची पातळ कांजी. ती वाळली की सूत कडक होतं, तुटत नाही. नरसय्यानं विचार केला, कॅनव्हास म्हणजे काय, सूतच. त्यानं आणि त्याच्या अम्मानं रात्रभर बूट कांजीत बुडवून ठेवले, दोन दिवस उन्हात वाळवले. ते पत्र्याचे डबे झाले होते. पाय वाकतो तिथं बूट वाकेना. अर्ध्या मैलात टाचेवरची कातडी गेली.

अण्णांकडं नेले. अण्णांनी बूट बोटानं वाजवून बघितले, माझ्याकडं बघितलं, नरसय्याकडं बघितलं. मला वाटलं आता कानडी सुरू होणार. पण त्यांनी एक घमेलं मागवलं, त्यात कोमट पाणी घातलं आणि स्वतः खाली बसून बूट चोळून चोळून खळ काढली. चांगला तासभर. नरसय्या शेजारी उकिडवा बसलेला.

"सूत तुज्या हातात असतं, तवा कडक पायजे," अण्णा त्याला म्हणाले. "पायात असतं तवा मऊ पायजे. नवा बूट घाल, घरात हिंड, पाळीला घालून जा. पायाशी त्याची वळख होऊ दे. मग पळ."

नरसय्या ते बूट घालून पुढं तीन आठवडे लूमवर उभा राहिला. शर्यतीत तो पाचवा आला, ते आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढं त्याच्याबद्दल बोलायची माझी तयारी राहणार नाही.

*

जोतिरामचं माप शेवटी राहिलं होतं. पहिल्या खेपेला तो आला नव्हता, त्या दिवशी त्याला दुसऱ्या पाळीत बदली मिळालेली. आठवड्यानं आला. मी होतो, रशीद लंगडत आलेला, अण्णा होते.

अण्णांनी कागदावर उभं केलं, रेघ ओढली. "आठ."

जोतिरामनं मांडणीतला सात नंबरचा बूट उचलला. पायात घालून बघितला नाही. हाताचा पंजा आत घातला, टोकापर्यंत नेला, बाहेर काढला. "ह्यो द्या."

"त्यो सात हाय."

"व्हय. सातच द्या."

अण्णांनी त्याला बसवलं, समजावलं. मग म्हणाले, फळीवरून उतरून दाखव. जोतिराम सात नंबर घालून खडीवरून उतरला. चेहऱ्यावर काही नाही. अण्णांनी वाकून टोक दाबलं.

"बोट लागतंय."

"न्हाय लागत."

"जोतिराम, माज्या अंगठ्याखाली तुजं बोट हाय. मला सांगतोस लागत न्हाय?"

रशीदनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे मियाँ, तेरी नौकरी का सवाल है. आठ ले. मेरे वास्ते ले."

जोतिराम त्याच्या सुजलेल्या घोट्याकडं बघून म्हणाला, "ढिल्या बुटानं तुमचं काय झालं ते मी पायलंय की. मला घट बरं."

"आठ ढिला नव्हं," अण्णा म्हणाले. "आठ तुजा हाय."

तो ऐकेना. अण्णांनी बूट मांडणीवर परत ठेवला आणि म्हणाले, "मी देणार न्हाय. साक." म्हणजे पुरे. गिऱ्हाइकाला परत पाठवताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी जोतिराम टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. बूट मिलच्या चिठ्ठीवर मिळायचे; चिठ्ठीवर मी नाव आणि नंबर लिहायचा, सही करायची, मग अण्णांना तो नंबर द्यावाच लागायचा. जोतिराम म्हणाला, "भाऊसाब, सात लिवा."

मी चिडलो. मी तसाही चिडका माणूस. म्हटलं, "तुला एवढं शहाणपण आलंय, तर तूच मॅनेजर हो. आयुष्यात एक संधी आलीय आणि हा नंबराचा हट्ट."

"लिवा की, भाऊसाब. पळणार मीच हाय. मी पळतो बरूबर."

मागं माणसं ताटकळलेली, साहेबांचा शिपाई बोलवायला आलेला. मी सात लिहिलं आणि सही केली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आठ लिहिला असता तरी तेवढीच लागली असती, हे माझ्या डोक्यात पुढं किती वर्षं फिरत राहिलं ते सांगून उपयोग नाही.

*

शर्यत शिवरात्रीच्या अलीकडं झाली. माळावर मांडव, चार मिलांची माणसं, फोटोवाला. अण्णा दुकान बंद करून आले होते आणि ओढ्याच्या उतारापाशी जाऊन उभे राहिले. मी शेवटच्या रेघेवर, हातात साहेबांचं घड्याळ.

चौथ्या मैलापर्यंतची बातमी सायकलवाल्यांकडून येत होती. पुढं दोघं दुसऱ्या मिलचे, तिसरा आमचा नरसय्या, चौथा जोतिराम. घोट्यामुळं न पळालेला रशीद माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझी बाही धरून ठेवली होती.

मग ओढ्याचा उतार आला. तिथलं मला अण्णांनी नंतर सांगितलं. जोतिराम वरून उतरायला लागला आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला त्यानं पाय आडवे टाकायला सुरुवात केली. सरळ उतरवेना. प्रत्येक पावलाला बोटं पुढं जाऊन आपटत होती. मागचे एकेक जण त्याच्या शेजारून खाली गेले.

वर सपाटीला आल्यावर तो पुन्हा पळाला. कसा पळाला ते मी बघितलंय. पाय टेकताना तोंड वाकडं व्हायचं आणि तरी तो माणसं गाठत होता. शेवटच्या शंभर पावलांत दोघांना मागं टाकलं. त्याच्या पुढं एक जण उरला, दुसऱ्या मिलचा, पक्क्या नोकरीचा, तो दहावा आला काय आणि विसावा आला काय, त्याला सारखंच. तो जोतिरामच्या दोन हात आधी रेघेवर पोचला. मी मोजत होतो. मोजायचं माझंच काम होतं. जोतिराम अकरावा.

मी वेल्फेअर साहेबांकडं गेलो. मला वाटतं, त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोललो. ते म्हणाले, "मला वाईट वाटतंय. पण नोटिशीत दहा लिहिलंय. अकराव्याला घेतलं तर उद्या बाराव्याला काय सांगू?" त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

जोतिराम मांडवाच्या मागं बसला होता. तपकिरी कॅनव्हासवर पुढच्या बाजूला काळा ओला डाग आलेला. मी म्हटलं, बूट काढ, पाय बघू दे. त्यानं काढले नाहीत. रशीदनं पाणी आणून दिलं, ते प्याला.

"आठ घातला असतास तर?" मी म्हटलं. तेवढं बोलल्याशिवाय मला राहवलं नाही.

"व्हय, भाऊसाब," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या आधी तो गेटवर बदलीच्या रांगेत उभा होता, अनवाणी, अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या. कुणीच गैरहजर नव्हतं. मी त्याला "आज नाही" म्हणालो आणि खिडकी लावून घेतली. मला त्याचा राग आला होता. स्वतःच्या हातानं स्वतःचं नुकसान करून घेणाऱ्या माणसाचा येतो तसा.

*

दोन महिन्यांनी स्टोअरमधून कागद आला. बदली कामगाराला दिलेली वस्तू ही मिलची मालमत्ता, जोतिरामकडून बूट परत घ्यावेत आणि पोच द्यावी. मी गेटवर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "घरी हायत, आणतो." आठ दिवसांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी म्हटलं, बाबा, माझी नोकरी आहे ही, मी तुझ्या घरी येऊन घेऊन जाईन. तो मान खाली घालून उभा राहिला.

मग सुट्टीच्या दिवशी मी खरंच गेलो. वैशाख होता, सकाळी दहालाच डांबर मऊ व्हायला लागलेलं. तो झोपडीत नव्हता. शेजारीण म्हणाली, सामान उतरवायला गेलाय कुणाच्या तरी गोदामात, आणि आई अक्कलकोटच्या रस्त्यावर कामाला आहे. मी सायकल काढली. खिशात तो पोचेचा कागद होता.

रस्त्याच्या कामावर शे-दीडशे माणसं असतील. दोन्ही बाजूला खडीचे ढीग, वर ऊन. मुकादमाला विचारलं तर त्यानं लांबूनच एका म्हातारीकडं बोट दाखवलं. उंच, सडपातळ, हिरवं नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून खोचलेलं, डोक्यावर पाटी. ती ढिगावरून खाली उतरत होती. भराभर, सरळ, जोतिराम पळायचा तशी.

तिच्या पायात तपकिरी कॅनव्हासचे बूट होते.

तिनं पाटी रिकामी केली आणि माझ्यापाशी आली. "तुमी मिलचं सायब व्हय?"

"साहेब नाही, मावशी. कारकून."

मी काय बघतोय ते तिच्या लक्षात आलं. तिनं एक पाय जरा पुढं टाकला, मला नीट दिसावं म्हणून.

"जोतीचं हायत. तुमच्या मिलनंच दिलती न्हवं? त्येला बसलीच न्हाईत बगा. शर्यतीत बोटं पार सोलून निगाली लेकराची. घरी आला आन् म्हनला, आये, माझ्या काय कामाची न्हाईत, तू घाल. मी म्हनलं, बाईमानसानं बूट घालावं व्हय? ऐकंना. सोताच्या हातानं घातली माझ्या पायात." तिनं खडीवर पाय दाबून दाखवला. "पर माझं नशीब बगा की. टाच सरकत न्हाय, बोटाम्होरं जागा हाय. आदी खडीचं चटकं लई बसायचं. आता कायबी कळत न्हाय."

मी खिशातला कागद खिशातच मुठीत धरून उभा होतो.

"पर त्येचं माप कुनी सांगितलं वो मिलमदी?" तिनं विचारलं.

"मीच लिहून दिलं, मावशी."

ती रागावली नाही. पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, पाटी उचलली, आणि जाता जाता थांबून म्हणाली, "म्होरल्या खेपंला त्येच्या पायाचं माप नीट घ्या, बाबा. पळनारं लेकरू हाय माजं."